पालकच प्रशिक्षक : ‘लिटल लीग’ची स्वयंसेवी परंपरा

लहान मुलांना मैदानावर खेळ शिकविण्यासाठी त्यांच्याच आई-वडिलांनी विनामोबदला पुढे यावे, ही प्रथा अमेरिकेत खोलवर रुजलेली आहे. ती देशभर पसरविण्यात ‘लिटल लीग’ या बेसबॉल संघटनेचा वाटा मोठा आहे.

पेनसिल्वानिया राज्यातील विल्यम्सपोर्ट येथे १९३९ मध्ये तिचा पहिला हंगाम झाला. कार्ल स्टॉट्झ यांनी १९३८ मध्ये नात्यातील दोन मुलांना सोबत घेऊन मुलांच्या उंचीला साजेशा लहान मैदानाची मापे ठरविली. पुढील वर्षी तीन संघ उभे राहिले. स्थानिक व्यावसायिकांनी त्यांना आर्थिक साह्य केले. ६ जून १९३९ रोजी झालेला पहिला सामना लंडी लंबर संघाने लायकमिंग डेअरीविरुद्ध २३-८ असा जिंकला. संघांची जबाबदारी सांभाळणारे सारे गावातीलच हौशी लोक होते.

लोकप्रियतेबरोबर वादही आले. वाढत्या व्यापारीकरणाला विरोध करणारे स्टॉट्झ १९५५ मध्ये स्वतःच स्थापन केलेल्या संघटनेविरुद्ध न्यायालयात गेले आणि अखेर तिच्यापासून दूर झाले. मुलींना मात्र प्रवेशासाठी १९७४ पर्यंत वाट पाहावी लागली. न्यू जर्सीतील मारिया पेपे या मुलीच्या प्रकरणानंतर हे दार उघडले.

पालक-प्रशिक्षकाचा हेतू चांगला असला, तरी तेवढ्याने भागत नाही. स्वतःच्या अपत्याला झुकते माप देणे, विजयाच्या हव्यासापोटी मुलांवर ओरडणे, एकाच मुलाकडून वारंवार चेंडू फेकवून घेणे, हे नेहमी आढळणारे दोष. त्यातील शेवटच्या दोषामुळे वाढत्या वयात खांदा व कोपर कायमचे दुखावण्याची भीती असते. म्हणून लिटल लीगने २००७ पासून डावांऐवजी फेकलेले चेंडू मोजण्याचा नियम लागू केला. त्यानुसार ११ व १२ वर्षांच्या खेळाडूला एका दिवसात ८५ चेंडूंची मर्यादा आहे. ६६ वा त्याहून अधिक चेंडू फेकल्यास चार दिवसांची विश्रांती सक्तीची आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी स्वयंसेवकांची पूर्वचारित्र्य पडताळणीही २००३ पासून बंधनकारक करण्यात आली.

प्रशिक्षकाच्या वागणुकीचा परिणाम किती खोल असतो, हे वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड स्मिथ व फ्रँक स्मोल यांच्या अभ्यासांतून दिसले. चांगल्या प्रयत्नाचे कौतुक करणे, चूक झाल्यास धीर देऊन सुधारणा सांगणे आणि शिक्षा टाळणे, हे त्यांच्या अल्पकालीन शिबिराचे सूत्र. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सहकार्यातील अभ्यासात, शिबिर न घेतलेल्या प्रशिक्षकांच्या संघांतील २६ टक्के मुलांनी पुढील हंगामात खेळ सोडला. शिबिर घेतलेल्यांच्या संघांत हे प्रमाण अवघे पाच टक्के होते.

संघाचे जय-पराजय मुले लवकर विसरतात. मैदानावर झालेला अपमान मात्र अनेकांना खेळापासूनच तोडतो. त्यामुळे मुलांना शिकविण्यास उभे राहणाऱ्या पालकाने खेळाच्या नियमांइतकेच बोलण्याचे भान शिकणे आवश्यक ठरते. त्यासाठी काही तासांचे शिबिरही पुरेसे ठरू शकते.