बकऱ्यांचा खुराक : पुडी नवी, विद्या जुनी

आपल्या बेळगाव भागात मेंढीला ‘बकरी’ म्हणायची रीत आहे. तेव्हा हा लेख मेंढरांचा, शेळ्यांचा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

हल्ली पशुखाद्याच्या दुकानात ‘हर्बल’ आणि ‘प्रोबायोटिक’ पुड्या मिळतात. त्यांचा बोलबाला वाढण्याचं एक कारण युरोपातलं. तिथं जनावर लवकर वाढावं म्हणून खाद्यात अँटिबायोटिक घालत. १ जानेवारी २००६ पासून युरोपीय संघानं त्यावर पूर्ण बंदी घातली आणि वनस्पती, यीस्ट, दह्यासारखे जीवाणू यांना भाव आला. दह्यातले जीवाणू माणसाला हितकारक, हा विचार तर १९०८ चे नोबेल मानकरी मेचनिकॉफ यांनी शंभर वर्षांपूर्वीच मांडला होता.

मेंढीच्या पोटाचं गणित सोपं आहे. पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव राहतात. गवताचा चोथा ते आंबवतात, त्यावर मेंढी जगते. एकदम जास्त धान्य पोटात गेलं की आम्ल वाढतं, हे सूक्ष्मजीव मरतात आणि जनावरही दगावतं.

धनगर आणि कुरुब मंडळींना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. १९८० नंतर एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून मेंढरांची कर्जं निघू लागली. तपासणीला मी वाड्यावर जात असे. सुगीनंतर शेतकरी खतासाठी रानात बकरी बसवून घेत आणि त्याबदल्यात धान्य देत. पण जोंधळ्याची कणसं पडलेल्या रानात मामा उपाशी बकरी कधी सोडत नसत. आधी वाळला चारा, मग थोडं थोडं रान. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा. त्यात टॅनिन असतं. बेतानं दिलं तर चाऱ्यातली प्रथिनं पहिल्या कप्प्यात वाया न जाता पुढं अंगी लागतात. अति झालं तर भूक मरते. हा बेत मामांच्या हातात होता.

कर्जाच्या अर्जात जनावराची किंमत, विमा, हप्ता, सगळ्याला रकाने होते. बाभळीला आणि गायरानाला रकाना नव्हता. पुढं पाणी आलं, ऊस वाढला, बांधावरच्या बाभळी तुटल्या, चरायची रानं आटली. आता तोच पाला पुडीतून विकत घ्यायचा.

पुडीला माझा विरोध नाही. योग्य जागी, पशुवैद्याच्या सल्ल्यानं तिचा उपयोग होतो. पण ती चाऱ्याच्या जोडीला आहे, चाऱ्याच्या जागी नव्हे. पोटात चोथाच गेला नाही तर यीस्ट तरी काय आंबवणार?

ही विद्या बहुतेक तोंडीच चालत आली. आपल्यापैकी ज्यांच्या रानात बकरी बसत, त्यांनी घरातल्या जाणत्यांना विचारावं : कुठला पाला, कुठल्या महिन्यात, किती? आणि खाली जरूर लिहावं. सांगणारी माणसं आता थोडीच राहिली आहेत.