नक्कल आता घरातच

आमच्या भोर तालुक्यात ‘नक्कल’ या शब्दाला भलताच मान आहे. शहरात नक्कल म्हटली, की कुणाच्या तरी बोलण्या-चालण्याची टिंगल डोळ्यांसमोर येते. आमच्याकडे नक्कल म्हणजे सातबाऱ्याची, फेरफाराची, वाटणीपत्राची. ती ‘काढायची’ असते. तिच्यासाठी अर्ज करायचा असतो, तिकीट लावायचे असते आणि ती हातात पडेपर्यंत तालुक्याला खेटे घालायचे असतात.

भाटघरला तर हा शब्द अधिकच लागू पडतो. इथे वेळवंडी नदीवर इंग्रजांनी पहिले धरण बांधले ते १८८१ च्या सुमारास. १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि आमच्या डोंगरातले पाणी बारामती, इंदापूरच्या शेतांत खेळू लागले. पुढे ते पाणी पुरेना, म्हणून मोठे धरण बांधण्यात आले. ते १९२८ मध्ये पूर्ण झाले आणि मुंबईचे एक गव्हर्नर लॉइड यांचे नाव त्याला मिळाले. आज या जलाशयाला आपण येसाजी कंकांच्या नावाने ओळखतो. भरला की साडेतेवीस टीएमसी पाणी साठते. पण या पाण्याखाली खोऱ्यातल्या भाताच्या खाचरांसह कितीतरी जमिनी गेल्या. जमीन गेली, की माणसाच्या हाती उरतो तो फक्त कागद. त्यात हा मुलूख भोर संस्थानातला. संस्थान विलीन झाले १९४८ मध्ये. त्याआधीचे कागद पुष्कळसे मोडीत. असा कागद एकच असला आणि भाऊ चार असले, की नक्कल ही चैन राहत नाही, ती गरज होते.

हे सगळे सांगण्याचे कारण म्हणजे, आमच्या घरात सध्या एक यंत्र घेण्याचा विचार चालू आहे. छापणारे, नक्कल काढणारे, स्कॅन करणारे असे तीन कामांचे एकच लेसर यंत्र. दुकानदार त्याला ‘ऑल-इन-वन’ म्हणतात. ते घरातल्या वायफायला जोडायचे, म्हणजे माझा जुना संगणक, सुनेचा लॅपटॉप आणि नातवाचा मोबाईल, सगळ्यांनाच ते वापरता येईल. नातवाने जाहिरातींतले आकडे वाचून दाखवायला सुरुवात केली. मला मात्र प्रत्येक वस्तूचे कूळ विचारायची सवय. ते कूळ शोधताना जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

नक्कल म्हणजे पूर्वी हातानेच. कारकुनाने समोर मूळ कागद ठेवायचा आणि अक्षर न् अक्षर उतरवायचे. मग कार्बन पेपर आला. टंकलेखन यंत्रात तीन-चार कागद एकदम घातले, तर शेवटची प्रत भुतासारखी फिकट निघे. जास्त प्रती हव्या असल्या, तर सायक्लोस्टाईल. हंगेरीतून लंडनला आलेल्या डेव्हिड गेस्टेटनर यांनी १८८० च्या दशकात ही पद्धत प्रचारात आणली. मेणाच्या स्टेन्सिलवर टोचून किंवा टाइप करून अक्षरे उमटवायची आणि शाई फासून रूळ फिरवायचा. शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांची परिपत्रके वर्षानुवर्षे अशीच निघाली. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत भूमिगतांची पत्रकेही सायक्लोस्टाईलवरच निघत होती. म्हणजे नक्कल काढण्याचे साधन कुणाच्या हातात आहे, ही काही किरकोळ गोष्ट नव्हे.

पण या सगळ्यांत एक अडचण होती. समोर असलेल्या तयार कागदाची हुबेहूब प्रत त्यांतून निघत नसे. मजकूर पुन्हा लिहावाच लागे. ही अडचण ज्याला सर्वांत जास्त टोचली, तो माणूस न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करत होता. चेस्टर कार्लसन त्याचे नाव. दिवसभर पेटंटच्या कागदांच्या नकला लागायच्या, त्या कधी पुरायच्या नाहीत. त्यातच संधिवाताने लिहिणे अवघड झालेले. २२ ऑक्टोबर १९३८ या दिवशी अ‍ॅस्टोरिया या उपनगरातल्या भाड्याच्या खोलीत त्याने ओटो कोर्नाय या मदतनिसाबरोबर प्रयोग केला. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा त्याने रुमालाने घासला आणि त्यावर वीज साठवली. मग अक्षरे लिहिलेली काच वर ठेवून उजेड पाडला. जिथे उजेड पडला तिथली वीज निघून गेली, अक्षरांच्या सावलीत ती तशीच राहिली. वरून बारीक भुकटी शिंपडली, तर ती नेमकी अक्षरांनाच चिकटली. ती भुकटी मेणकागदावर उचलली, आणि जगातली पहिली कोरडी नक्कल तयार झाली. त्यावर तारीख आणि गावाचे नाव, एवढेच होते.

हा शोध घेऊन कार्लसनने वीसहून अधिक कंपन्यांचे उंबरठे झिजवले. कुणाला तो पटला नाही. शेवटी हॅलॉइड नावाच्या एका लहान कंपनीने तो पत्करला आणि १९५९ मध्ये ‘झेरॉक्स ९१४’ हे यंत्र बाजारात आणले. ग्रीक भाषेत ‘झेरोस’ म्हणजे कोरडे. भारतात मोदी झेरॉक्स ही कंपनी १९८३ मध्ये स्थापन झाली आणि बघता बघता कंपनीचे नाव मराठीत क्रियापद होऊन बसले. आज कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर काढली, तरी आपण ‘झेरॉक्स’च काढतो. एस.टी. स्टँडसमोर, कोर्टाच्या आवारात, तहसील कचेरीच्या बाहेर झेरॉक्सची टपरी उभी राहिली. तिथून निघालेल्या प्रतीवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का घ्यायचा, की ती सत्यप्रत. पुढे २०१४-१५ च्या सुमारास केंद्र आणि राज्य सरकारांनी बऱ्याच कामांसाठी स्वतःची सही पुरेशी मानायला सुरुवात केली. नक्कल आपली, सही आपली. यंत्र तेवढे दुसऱ्याचे.

आता लेसरची गोष्ट. झेरॉक्स कंपनीतच गॅरी स्टार्कवेदर हा अभियंता होता. त्याच्या डोक्यात १९६० च्या दशकाच्या अखेरीस आले, की मूळ कागदावरून उजेड परावर्तित करण्याऐवजी संगणकाने लेसरच्या किरणानेच त्या ड्रमवर चित्र काढले तर? म्हणजे मूळ कागदाचीच गरज नाही. वरिष्ठांना ते रुचले नाही. मग १९७१ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या नव्या संशोधन केंद्रात गेला आणि तिथे त्याने यंत्र उभे केले. झपाट्याने फिरणाऱ्या अनेक बाजूंच्या आरशावरून लेसर सरकतो आणि ठिपक्या-ठिपक्यांनी पान रंगवतो. वेग होता सेकंदाला एक पान.

इथे मला सर्वांत मोलाची गोष्ट सापडली. एवढे महागडे यंत्र एकाच टेबलाला बांधून ठेवणे कुणाला परवडणार? केंद्रातल्या प्रत्येक संशोधकाच्या टेबलावर संगणक येणार होता, पण लेसर छपाईयंत्र मोजकेच. ते सगळ्यांना जोडायचे कसे? या कामावर नेमलेल्या रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिले आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने ते प्रत्यक्षात उतरवले. त्याचे नाव इथरनेट. आपल्या घरातल्या राउटरच्या मागे जी चौकोनी भोके असतात, ती त्याच इथरनेटची. म्हणजे घरच्या जाळ्याचा आणि लेसर प्रिंटरचा संबंध आजचा नाही. जे एकट्याचे नव्हे ते चौघांत वाटून घेता यावे, याच गरजेपोटी ते जाळे आले.

१९८४ मध्ये एचपीचा लेसरजेट आला. त्याच्या आतले इंजिन कॅननचे होते. १९८५ मध्ये अ‍ॅपलचा लेसररायटर आला. किंमत ६,९९५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने ऐंशी हजार रुपयांहून अधिक. आणि तो विकला गेला तो याच मुद्द्यावर, की एका तारेने कचेरीतले अनेक संगणक त्याला जोडता येतात.

मराठी माणसासाठी या यंत्राचे आणखी एक महत्त्व आहे. टंकलेखन यंत्राच्या मोजक्या कळांवर आपली बाराखडी आणि जोडाक्षरे कधी नीट बसलीच नाहीत. ‘द्ध’, ‘ह्म’ अशी अक्षरे फोडून लिहावी लागत. पिनांनी ठोकणारे डॉट-मॅट्रिक्स प्रिंटर आले, तेव्हा देवनागरीसाठी संगणकात वेगळे जिस्ट कार्ड घालावे लागे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले हे तंत्र १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने वाढवले. लेसरला मात्र रोमन काय आणि देवनागरी काय, दोन्ही सारखीच. त्याच्या लेखी पान हे एक चित्र. इंचाला ३०० ठिपके धरले, तर ए-फोर पानावर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. ६०० धरले, तर साडेतीन कोटींच्या आसपास. शिरोरेषा, वेलांटी, रफार यांना त्यात हवी तेवढी जागा. आपल्या संगणकांवरचा ‘मंगल’ हा फाँट रचणारे प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी अक्षरांसाठी आयुष्य वेचले. ती मेहनत कागदावर नेटकी उतरते, ती या ठिपक्यांमुळे.

तर हे कूळ ध्यानात ठेवून आमच्या घरासाठी मी निकष काढले.

पहिला, यंत्र स्वतःच्या बळावर जाळ्यात उभे राहिले पाहिजे. टपऱ्यांवर वर्षानुवर्षे चाललेले एचपीचे एम-१००५ आपण सर्वांनी पाहिले आहे. छापते, स्कॅन करते, नक्कल काढते. पण त्याला फक्त यूएसबीची तार. ज्या संगणकाला जोडले, तो चालू असेल तरच इतरांना छापता येणार. घरासाठी वायफाय हवे, आणि त्याबरोबर इथरनेटचे भोकही हवे. आमच्या जुन्या घराच्या दगडी भिंतींपलीकडे वायफाय रडतखडत पोचते. तार मात्र कधी कुरकुरत नाही.

दुसरा, स्कॅनरला काच हवीच. वरून कागद ओढून घेणारा फीडर सोयीचा खरा, पण घडीवर फाटायला आलेला मोडी कागद त्यात घालणे म्हणजे वाडवडिलांच्या ठेव्याला यंत्राच्या दाढेत देणे. तो काचेवर अलगद ठेवायचा. उलट लांब लीगल कागद बऱ्याच यंत्रांच्या काचेवर मावत नाही, तो फीडरमधूनच जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० पासून ए-फोर कागद आणि तोही दोन्ही बाजूंनी वापरायला सांगितले. पण घरातले जुने दस्त लांबच आहेत. म्हणून काच आणि फीडर, दोन्ही हवेत. पाठपोट छपाई आपोआप होणारी असावी. निम्मा कागद वाचतो.

तिसरा, आमचा पाऊस. शाईचा प्रिंटर महिना-दोन महिने पडून राहिला, की शाई तोंडाशी सुकते. लेसरचा टोनर ही कोरडी भुकटी, तिला सुकायची भीती नाही. ती सुमारे २०० अंशांच्या उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली असते, त्यामुळे आषाढात पिशवीत भिजलेल्या अर्जावरचे अक्षरही ओघळत नाही. मात्र कोरा कागद सादळतो आणि आत अडकतो. रीम उघडले, की उरलेला कागद डब्यात बंद करून ठेवायचा. आणि त्या उष्णतेसाठी यंत्र क्षणभर बरीच वीज खेचते. लहान इन्व्हर्टरवर ते लावू नये.

चौथा, खर्च. किंमत पाहायची ती यंत्राची नव्हे, पानाची. टोनर किती पाने देतो, हे मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानक २००४ पासून आहे. त्यात पानाचा सुमारे पाच टक्के भाग काळा धरतात. खोक्याबरोबर येणारा टोनर अनेकदा अर्धवट भरलेला असतो, हेही विचारून घ्यावे. ड्रम टोनरबरोबर बदलतो की वेगळा, आणि दुरुस्ती भोरला होते की पुण्याला न्यावे लागते, हेही. रंगीत छपाईचा मोह मी टाळला. सातबारा काळा-पांढराच असतो.

पाचवा निकष नातवाने सुचवला. यंत्र जाळ्यावर आले, म्हणजे त्याला कुलूपही हवे. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा. ज्या यंत्राच्या काचेवर घरातले आधार कार्ड आणि जमिनीचे दस्त जाणार, त्याचे दार उघडे ठेवून कसे चालेल?

आज डिजिटल सहीचा सातबारा महसूल खात्याच्या संकेतस्थळावरून पैसे भरून घरबसल्या उतरवता येतो. तो छापायला यंत्र घरात असले, तर तालुक्याची एक खेप वाचते. पण मला त्याहून मोठे वाटते ते दुसरेच. एका भावाच्या ट्रंकेत असलेला कागद आता चारही भावांच्या घरी असू शकतो. मूळ कागद एकाच्या मुठीत राहिला, की त्याच्यापाशी सत्ता राहते आणि बाकीच्यांच्या मनात संशय. म्हणून यंत्र आले, की पहिले काम ठरले आहे. आधी घरातला प्रत्येक जुना कागद काचेवर ठेवायचा, त्याची नक्कल काढायची आणि ज्याचा ज्याचा त्यात वाटा आहे, त्याच्या घरी ती पोचती करायची. मगच नातवाचे शाळेचे प्रकल्प.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)