चिपाडाचा जमाखर्च

कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावर वसलेल्या उंब्रजची ओळख करून देताना समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एकाचे स्थान म्हणून, किंवा पुणे-बंगळूर हमरस्त्यावरून पाटणकडे फुटणाऱ्या वाटेचे नाके म्हणून ती करून देण्याची रीत आहे. परंतु या गावाच्या आणि त्याला वेढून असलेल्या कऱ्हाड तालुक्याच्या पूर्वेतिहासाचे एक प्रकरण असे आहे की ज्याकडे मठमंदिरांचा व लढायांचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष क्वचितच गेले. ते प्रकरण उसाच्या चिपाडाचे आहे. आज मोठमोठ्या कारखान्यांतून ऊर्जेच्या काटकसरीची जी विद्या शिकविली जाते, जिच्यासाठी कायदे होतात आणि लेखापरीक्षक नेमले जातात, तिचे आद्य पाठ या मुलखाने गुऱ्हाळाच्या चुलाणापुढे बसून गिरविले होते, असे माझे मत आहे.

खोडशी येथे कृष्णेवर बंधारा घालून इंग्रज सरकारने १८६० च्या दशकात कृष्णा कालवा काढला, त्याच्याही आधीपासून या नदीकाठी मोटेच्या पाण्यावर ऊस होत असे आणि त्याचा गूळ होत असे. बाभळीच्या लाकडाच्या उभ्या लाटांचा घाणा, त्याला जुंपलेले बैल, बाजूला जमिनीत खणलेले चुलाण आणि त्यावर चढविलेली रुंद काहील, एवढा गुऱ्हाळाचा सरंजाम. घाण्यातून निघालेले चिपाड पटांगणात पसरून उन्हात वाळवावे आणि दुसऱ्या आदणाला तेच जाळावे, असा क्रम असे. उसाचा रस उसाच्याच अंगाने शिजावा, बाहेरचे सरपण त्याला लागू नये, ही त्या व्यवसायाची मर्यादा होती आणि शहाणपणही.

ही मर्यादा किती नाजूक होती हे आकड्यांतच नीट कळते. बैलांच्या चरकात १०० किलो उसातून ६० ते ६५ किलो रस निघतो व त्याचा १० ते ११ किलो गूळ होतो. म्हणजे सुमारे ५० किलो पाणी आटवावे लागते. रस उकळीला आणून एवढे पाणी वाफेच्या रूपाने घालविण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या साधारण दुप्पट उष्णता त्याच उसाच्या वाळलेल्या चिपाडात असते. चुलाणाने निम्म्याहून अधिक उष्णता धुराड्यावाटे गमावली की चिपाड अपुरे पडले; मग तुरीच्या काट्या, कपाशीच्या पळकाट्या आणि अखेरीस बांधावरची बाभूळ तोडण्याची पाळी येई. अवकाळी पावसाचा एक शिडकावा पटांगणातल्या चिपाडावर झाला तरी आदण थांबे, कारण ओले चिपाड आपली बरीच शक्ती स्वतःला वाळविण्यातच खर्च करते.

म्हणून गुऱ्हाळात गूळ शिजविणाऱ्या गुळव्याइतकाच मान चुलाणात जाळ घालणाऱ्या जळव्याला असावयास हवा, आणि जाणत्या गावांत तो असे. रसावर मळी येऊ लागली की ती काढीपर्यंत आच किती ठेवावयाची, भेंडीच्या चिकाने रस निवळला की ती कितपत चढवावयाची, पाक गुळाला आला की चुलाणातला जाळ केव्हा ओढून घ्यावयाचा, हे सर्व जळव्या ज्वाळेच्या रंगावरून आणि गुळव्याच्या शब्दावरून ठरवी. उशीर झाला तर गूळ करपे आणि बाजारात त्याचा भाव उतरे. उष्णतेचे परिमाण मोजणारे यंत्र त्याच्यापाशी नव्हते. परंतु आचेचा अपव्यय म्हणजे मालाचे नुकसान, हे त्याला आयुष्यभराच्या अनुभवाने ठाऊक होते.

पुढे या धंद्यात लोखंड आले. बिहारमधील बिहिया येथे १८७० च्या दशकात निघालेला लोखंडी चरक देशभर पसरला आणि लाकडी घाणे हळूहळू अडगळीत पडले. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीतून नांगरांबरोबर चरकही बाहेर पडू लागले, तेव्हा कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला ते दूरदेशीचे राहिले नाहीत. लोखंडी चरकाने रस अधिक निघाला, हे सर्वजण सांगतात. चिपाड अधिक कोरडे निघाले आणि म्हणून चुलाण अधिक चांगले जळू लागले, हा त्याचा दुसरा लाभ मात्र फारसा कोणी सांगत नाही. चुलाण सुधारण्याचे प्रयत्नही झाले. हवेचा झोत नीट खेळवून, काहिलीच्या बुडाशी ज्वाळा अधिक वेळ रेंगाळेल अशी रचना करून, सरपण वाचविणारी एक भट्टी पुण्याच्या नावाने गुळाच्या शास्त्रीय वाङ्मयात ओळखली जाऊ लागली.

त्याआधीच जगात दुसरीकडे साखरेच्या पाकाचा प्रश्न एका विलक्षण बुद्धीच्या माणसाने सोडविलेला होता. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे १८०६ मध्ये कृष्णवर्णीय वंशाच्या मातेच्या पोटी जन्मलेला आणि पॅरिसमध्ये शिकलेला नॉर्बर्ट रिल्यू याने १८४० च्या दशकात आपल्या बाष्पीभवन-यंत्राची पेटंटे मिळविली. त्याची कल्पना अशी की, पहिल्या भांड्यातील रसाची जी वाफ निघते ती हवेत न सोडता तिनेच दुसऱ्या भांड्यातील रस तापवावा, दुसऱ्याच्या वाफेने तिसऱ्यातील. आणि प्रत्येक पुढच्या भांड्यातील हवेचा दाब कमी ठेवावा, म्हणजे रस कमी तापमानावरही उकळू लागतो. आपल्या काहिलीतून आकाशात जाणारी ती शुभ्र वाफ म्हणजे एकदा वापरून फेकून दिलेले इंधनच होते. रिल्यूने तेच इंधन तीन-चार वेळा वापरावयास लावले. आजच्या प्रत्येक साखर कारखान्यात उभी असलेली बाष्पीभवन-पात्रांची रांग ही त्याची देणगी आहे. ज्या समाजाने त्याच्या मातृवंशाला दास्यात ठेवले, त्याच समाजाच्या साखरेचा व्यापार त्याने तारला, ही गोष्ट मला नेहमी हेलावून जाते.

आपल्याकडे ही यंत्रे मोठ्या प्रमाणावर आली ती १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्यानंतर. प्रथम खासगी कारखाने निघाले. मग १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, आणि त्या वाटेने पुढे कऱ्हाड तालुक्यातही रेठरे बुद्रुकचा कृष्णा आणि यशवंतनगरचा सह्याद्री हे कारखाने आले. बॉयलरचे अग्निप्रदीपन आणि गव्हाणीत पहिली मोळी टाकण्याचा समारंभ हे तेव्हापासून या भागातील वर्षाचे दोन मोठे प्रसंग होऊन बसले.

येथे मात्र इतिहासाने एक विपरीत वळण घेतले, आणि ते स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. कारखान्यात येणाऱ्या १०० किलो उसातून २८ ते ३० किलो चिपाड निघते. कारखानदारीच्या भाषेत त्याचा बगॅस झाला. निम्मे पाणी असलेला हा बगॅसही रिल्यूच्या युक्तीमुळे कारखान्याची गरज भागवून उरू शकत होता. परंतु उरलेल्याचे करावयाचे काय? साठवावा तर जागा अडते, कुजतो, आगीचे भय. विकावा तर गिऱ्हाईक थोडे. मग बॉयलरच असे कमी दाबाचे ठेवण्यात आले की सर्व बगॅस हंगामातच जळून संपावा. चौरस सेंटिमीटरला २१ किलोंच्या आसपासच्या दाबाची वाफ करून, तिच्यातून टनामागे जेमतेम कारखान्यापुरती २५-३० युनिट वीज काढून, बाकीची शक्ती धुराड्यावाटे सोडून देणे हा कित्येक दशके रूढ प्रघात होता. ज्या मुलखातील जळव्या चिपाडाची काडी न् काडी जपत होता, त्याच मुलखात चिपाड हा विल्हेवाट लावावयाचा केर ठरला. टंचाईने शिकविलेली विद्या सुबत्तेने विसरावयास लावली.

तिचे स्मरण पुन्हा करून दिले ते विजेच्या मीटरने. केंद्र सरकारने १९९० च्या दशकात बगॅसवरील सहवीजनिर्मितीचा कार्यक्रम हाती घेतला, २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याच्या परिशिष्टात अधिक ऊर्जा खाणाऱ्या उद्योगांच्या यादीत साखरेचे नाव आले, आणि २००३ च्या वीज कायद्याने अशा विजेच्या खरेदीस आधार दिला. उरलेल्या बगॅसला आता किंमत आली. ६७, ८७ आणि पुढे ११० किलो दाबाचे बॉयलर बसू लागले. तीव्र दाबाच्या वाफेने आधी टर्बाइन फिरवावयाचे आणि तेथून दमून बाहेर पडलेल्या वाफेने रस आटवावयाचा, या दुहेरी उपयोगामुळे उसाच्या टनामागे १०० युनिटांहून अधिक वीज काढणे शक्य झाले. मग प्रत्येक बाबीचा हिशेब सुरू झाला. पूर्वी उसाच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक वाफ खाणारे कारखाने ४० टक्क्यांखाली येण्याची खटपट करू लागले, गिरण्यांच्या छोट्या टर्बाइनांच्या जागी विजेच्या मोटारी आल्या, पंपांना गरजेप्रमाणे वेग कमीजास्त करणारी साधने लागली, आणि ज्या उसात ७० टक्के पाणीच असते त्याच पाण्याची वाफ निववून ते कारखान्यात पुन्हा फिरवून नदीचे पाणी वाचविता येते हेही ध्यानात आले. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांनी हे ज्ञान कारखान्यांच्या दारापर्यंत नेले, याबद्दल त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे.

तथापि हा जमाखर्च कारखान्याच्या कुंपणाशी थांबतो, आणि माझी तक्रार तेवढीच आहे. कोयनेची वीज १९६० च्या दशकात आली, मोटा व तेलाची इंजिने गेली, आणि नदीकाठी उपसा जलसिंचनाचे पंप बसले. कऱ्हाडजवळच टेंभू येथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून दूरच्या दुष्काळी तालुक्यांकडे नेले जाते. टन उसामागे कारखाना किती युनिट वीज देतो हे वार्षिक अहवालात छापून येते. तोच टन पिकविण्यासाठी पाणी उचलताना, खत करताना आणि ऊस वाहून आणताना किती वीज व डिझेल खर्ची पडले, याचा रकाना त्या अहवालात नाही. उंब्रजच्या शेतकऱ्यापाशी पाणीपट्टीची पावती आहे, वीजबिल आहे, ऊसतोडीचे आणि वाहतुकीचे कपातपत्रक आहे. ही सारी कागदपत्रे एकत्र मांडून कारखान्याच्या ऊर्जा-लेखापरीक्षकाने एका हंगामाचा ताळेबंद एकदा तयार करावा, आणि तो सभासदांच्या वार्षिक सभेपुढे ठेवावा.