लेखणी झालेला संगणक

यंत्रांचा इतिहास बहुधा सामर्थ्याच्या आकड्यांनी मोजला जातो. मी भाषेचा अध्यापक. मला तो लिहिणाऱ्याच्या सोयीने मोजावासा वाटतो.

१९८१ साली अमेरिकेत आलेला ऑस्बोर्न-१ हा 'वाहून नेता येणारा' संगणक सुमारे ११ किलो वजनाचा होता. १९८३ साली जपानच्या क्योसेरा कंपनीने घडविलेला व अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांतून विकला गेलेला टीआरएस-८० मॉडेल १०० मात्र मोठ्या वहीएवढा, दोन किलोहून हलका होता. किंमत १,०९९ डॉलरपासून पुढे. स्मृती किमान ८ किलोबाइट. पडद्यावर ४० अक्षरांच्या अवघ्या ८ ओळी. त्याच्या आज्ञावलीत बिल गेट्स यांचा स्वतःचा हात होता. चार पेन्सिल सेलांवर तो सुमारे २० तास चाले, बटण दाबताच लिहिण्यास सिद्ध होई आणि मजकूर दूरध्वनीच्या तारेवरून धाडी. म्हणूनच वार्ताहरांनी तो आपलासा केला. घटना जेथे घडे, तेथेच तिचे लेखन होऊ लागले.

तथापि त्या ८ ओळींत देवनागरीला जागा नव्हती. अक्षरांचे आकार यंत्रातच कायमचे कोरलेले होते. भारतीय लिप्यांच्या संगणकीय संकेतांचे 'इस्की' हे राष्ट्रीय मानक १९९१ साली सिद्ध झाले. त्यामागे अनेकांचे परिश्रम होते. महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्या आपणांस यातील मर्म सांगावयास नको. यंत्र स्वस्त झाले, म्हणून ते आपली भाषा बोलू लागत नाही. तिच्या माणसांनाच त्यात एकेक जोडाक्षर बसवावे लागते.