‘रेआयोन’ आणि मुलाखत : चार वाक्यांचा भाषिक इतिहास

भाषांतराविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा कविता आणि कादंबरी यांच्याभोवतीच फिरते. व्यवहारातील वाक्यांचे भाषांतर म्हणजे कोशाचे काम, त्यात चिंतनाला जागा नाही, असा एक समज रूढ आहे. वर्गात शिकवताना आम्हीही तो अजाणता पोसलेला आहे. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते नोकरीच्या मुलाखतीत विचारल्या जाणाऱ्या इंग्रजी वाक्यांचे आणि त्यांच्या हिब्रू रूपांतराचे. ‘स्वतःविषयी सांगा’, ‘तुमचा अनुभव किती?’, ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ ही वाक्ये आज जगभर फिरतात. परंतु हिब्रूत शिरताना ती एका विलक्षण इतिहासातून जातात.

हिब्रू ही शतकानुशतके प्रार्थनेची, धर्मशास्त्राची आणि विद्वानांच्या पत्रव्यवहाराची भाषा होती. घरातील बोली म्हणून ती उरली नव्हती. एलिएझेर बेन येहुदा (१८५८-१९२२) हे १८८१ साली पॅलेस्टाइनमध्ये आले आणि आपल्या घरात केवळ हिब्रूच बोलली जाईल असा त्यांनी हट्ट धरला. वर्तमानपत्राला शब्द हवा होता, तेव्हा ‘एत’ म्हणजे काळ या जुन्या शब्दावरून त्यांनी ‘इतोन’ हा शब्द घडवला. १८९० साली भाषा समिती स्थापन झाली, १९२२ साली ब्रिटिश अमलाखाली हिब्रूला इंग्रजी व अरबीच्या बरोबरीने अधिकृत स्थान मिळाले आणि १९५३ साली हिब्रू भाषा अकादमी अस्तित्वात आली. म्हणजे कचेरी, कारखाना, बँक यांची भाषा या लोकांना एका शतकाच्या आत उभी करावी लागली. त्यासाठी बाहेरून शब्द आले तसेच पोथीतील शब्दही नव्या कामाला जुंपले गेले.

मुलाखतीला हिब्रूत ‘रेआयोन’ म्हणतात. त्याचा धातू पाहण्याचा. इंग्रजी शब्दही फ्रेंचमधील पाहण्याच्या क्रियापदावरूनच आलेला आहे. तेव्हा ही जोडी वरवर सरळ वाटते. परंतु इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या धर्मग्रंथात हाच शब्द वेगळ्या अर्थाने येतो. पेसाह, शावुओत आणि सुक्कोत या तीन सणांना जेरुसलेमच्या मंदिरात ईश्वरासमोर हजर होणे म्हणजे रेआयोन. आता नोकरीच्या मुलाखतीला ‘रेआयोन अवोदा’ म्हणतात. ‘अवोदा’ म्हणजे काम. पण त्याच शब्दाचा जुना अर्थ मंदिरातील सेवा असाही आहे आणि इजिप्तमधील गुलामीच्या कष्टांनाही तोच शब्द आहे. इसवी सन ७० मध्ये मंदिर उद्ध्वस्त झाले, शब्द मात्र राहिले. आणि आज तेल अवीवमधील एखाद्या कचेरीत कोणी ‘रेआयोन अवोदा’साठी बसलेला असतो, तेव्हा त्याच्या तोंडी मंदिरातील दोन शब्द असतात. बोलणाऱ्याला याची जाणीव असतेच असे नाही. तरीही भाषांतरकाराने ती ठेवावी असे आम्हांस वाटते.

‘अनुभव’ या शब्दाचीही अशीच कथा. त्यासाठी हिब्रूत ‘निस्सायोन’ हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ परीक्षा, कसोटी. अब्राहामाच्या दहा कसोट्या परंपरेत प्रसिद्ध आहेत, त्यांना हाच शब्द आहे. मराठीत अनुभव ‘येतो’ किंवा ‘घेतला जातो’. हिब्रूत तो कसोटीतून गेल्याची खूण ठरतो. जीवनवृत्तान्ताला ‘कोरोत खय्यिम’ म्हणतात, म्हणजे आयुष्यात घडलेल्या गोष्टी.

शब्दांहून अवघड प्रश्न व्याकरणाचा आहे. इंग्रजीतील मध्यमपुरुषी सर्वनामाला लिंग नाही आणि मानही नाही. ‘स्वतःविषयी सांगा’ हे साधे वाक्य हिब्रूत नेताना समोर पुरुष आहे की स्त्री हे ठरवावेच लागते : पुरुषाला ‘सापेर’, स्त्रीला ‘साप्री’. सर्वनामही वेगळे, ‘अता’ आणि ‘अत्’. अनेकवचनातही सुटका नाही, कारण तेथेही लिंगभेद आहे. मराठीची अडचण निराळी. ‘सांग’ की ‘सांगा’, हे ठरवताना आपण वय, हुद्दा, परिचय यांचा हिशेब करतो; मात्र एकदा ‘तुम्ही पाहता’ म्हटले की स्त्री-पुरुष भेद झाकला जातो. आजच्या हिब्रू व्यवहारात आदरार्थी रूप जवळपास नाही. अधिकारी आणि उमेदवार एकमेकांना एकाच सर्वनामाने संबोधतात. इंग्रजीतील एकच शब्द हिब्रूला विचारतो, ‘ही बाई की बुवा?’, आणि मराठीला विचारतो, ‘हा थोर की लहान?’ भाषांतरकाराने उत्तर दिल्यावाचून वाक्य पुढे सरकत नाही.

हा केवळ व्याकरणाचा खेळ नव्हे. १९८८ साली इस्राएलमध्ये नोकरीतील समान संधीचा कायदा झाला आणि नोकरभरतीतील लिंगभेदाला त्याने मनाई केली. नोकरीच्या जाहिरातीत ‘पाहिजे’ या अर्थाचा शब्द आज तिरपी रेघ देऊन पुल्लिंगी व स्त्रीलिंगी अशा दोन्ही रूपांत छापलेला दिसतो. ती रेघ इंग्रजी मजकुरात शोधून सापडणार नाही. मंदिरातील जुना ‘रेआयोन’ पुरुषांवरच बंधनकारक होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या छोट्या रेघेचे मोल कळते.

काही शब्दप्रयोग तर उलटच होतात. ‘रोश गादोल’, शब्दशः ‘मोठे डोके’. इंग्रजीत वा मराठीत हा शब्दशः अर्थ ठेवला तर उमेदवार गर्विष्ठ ठरेल. हिब्रूत मात्र सांगितल्यापलीकडे जाऊन जबाबदारी घेणाऱ्याची ती प्रशंसा आहे. ‘रोश काटान’, लहान डोके, म्हणजे नेमून दिले तेवढेच करणारा. ही भाषा सैन्यातून आली. ‘सैन्यात काय केलेत?’ हा प्रश्नही तेथील मुलाखतीत सहज येतो. इंग्रजी प्रश्नावलीत त्याला जागा नाही. बहुसंख्य अरब नागरिकांना तेथे सक्तीची लष्करी सेवा नसते. त्यामुळे एकासाठी गप्पांची सुरुवात असलेले वाक्य दुसऱ्यासाठी बंद दार ठरू शकते. असे वाक्य भाषांतरात अचूक उतरले, तरी त्यातील भार उतरेलच असे नाही.

मराठीचा या कथेशी जुना संबंध आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी. १८४६ साली मुंबईत हिब्रू संहिता आणि मराठी भाषांतर असलेली हगादा छापली गेली. पेसाहच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या त्या पुस्तकाचा विषयच इजिप्तमधील दास्य आणि त्यातून झालेली सुटका हा आहे. म्हणजे मराठी वाचकाने हिब्रूतील दास्याचा अर्थ मराठीत आणला, तेव्हा आधुनिक हिब्रूची चळवळ सुरूही झाली नव्हती. १९४८ नंतर याच समाजातील पुष्कळ लोक इस्राएलमध्ये गेले. प्रार्थनेची हिब्रू ज्यांच्या कानावर होती, त्यांना तेथे भेटली ती कामगार कचेरीची हिब्रू. शब्द तेच, पण आता ‘अवोदा’ म्हणजे महिन्याचा पगार.

आपला ‘मुलाखत’ हा शब्द अरबीतून आला. त्यात पाहणे नाही, भेटणे आहे. ‘उमेदवार’ फारसीतून आला. तो आशा धरून येणारा. हिब्रूत उमेदवाराला ‘मुअमाद’ म्हणतात, म्हणजे ज्याला उभे केले आहे तो. एकाच खोलीतील एकाच माणसाला तीन भाषा अशा तीन जागी बसवतात. वर्गात पुढच्या वेळी भाषांतरासाठी उतारा निवडताना कवितेच्या जोडीला अशी चार व्यवहाराची वाक्ये जरूर द्यावीत. विद्यार्थी ती पाच मिनिटांत उतरवून देतील. मग ते वाक्य कोणाला उद्देशून आहे, एवढेच विचारावे. खरा तास तेथून सुरू होईल.