वल्हांडण आणि निषिद्ध अन्न



ज्यूंच्या वल्हांडण सणात आंबवलेली भाकरी वर्ज्य असते, हे आपणांस ठाऊकच आहे. इजिप्तमधून घाईने निघालेल्या इस्राएलांना कणीक फुगेपर्यंत थांबता आले नाही, ही ‘निर्गम’ ग्रंथातील कथा त्यामागे आहे. मला मात्र या निषेधाची पुढे झालेली वाढ अधिक विचार करायला लावते.

शास्त्राप्रमाणे ‘हामेत्स’ होतो तो पाचच धान्यांचा : गहू, बार्ली, राय, ओट आणि स्पेल्ट हा गव्हाचा जुना प्रकार. पीठ भिजवून भाजल्याविना १८ मिनिटे लोटली, की ते बाद. त्यामुळे बिअर, धान्यापासूनची व्हिस्की, माल्टचा व्हिनेगर हे पदार्थही निषिद्ध ठरतात. द्राक्षांचे मद्य आंबवूनच होते. तरी सणाच्या रात्री त्याचे चार पेले विहित आहेत! आक्षेप आंबण्याला नाही, धान्याच्या आंबण्याला आहे.

तांदळाचे काय? तालमूदमधील पंडितांचा निर्वाळा असा, की तांदूळ भिजवला तर फुगत नाही, कुजतो. राव हूना यांनी तर सणाच्या ताटासाठी बीट आणि भातच सांगितला. असे असूनही तेराव्या शतकात फ्रान्समधील ज्यूंत तांदूळ व कडधान्ये टाळण्याचा रिवाज दिसू लागतो. ती गव्हात मिसळतात, त्यांचे पीठही गव्हाच्या पिठासारखेच दिसते, अशी कारणे पुढे दिली गेली. मला ती पुरेशी वाटत नाहीत; कारण अमेरिकेतून पुष्कळ उशिरा आलेला मकाही त्याच यादीत जाऊन बसला. स्पेनकडील व पूर्वेकडील अनेक ज्यूंनी हा रिवाज स्वीकारला नाही. ते तांदूळ दाणा दाणा निवडून शिजवतात. अमेरिकेतील कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मशास्त्र समितीनेही २०१५ साली ही बंदी उठवली.

कोकणातील बेने इस्राएलांपाशी दीर्घकाळ तालमूद नव्हता. तरीही हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासात या सणाचे ‘अनाशी ढाकाचा सण’ असे नाव येते. म्हणजे आंबट रसाचे मडके झाकून ठेवण्याचा सण. पाच धान्यांची यादी विस्मरणात गेली, आंबटाचा निषेध मात्र नावात टिकला. हिब्रू ग्रंथांशी नाते पुन्हा जुळल्यावर १८७४ साली पुण्यात सणाच्या रात्रीची पोथी हिब्रू-मराठीत छापली गेली. तिच्यातील चित्रात बिनआंबवलेली भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत.