म्हैसूर दरबार आणि खाँसाहेबांच्या तबकड्या

कृष्णराज वडियार चौथे यांच्या कारकिर्दीत म्हैसूरच्या दरबाराने उत्तरेकडील ज्या गवयांचा मोठा बहुमान केला, त्यांत किराण्यात जन्मून पुढे मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ अग्रगण्य होत. ‘संगीतरत्न’ ही पदवी त्यांना याच दरबाराने दिली. १९०५ च्या सुमारास मुद्रित झालेल्या त्यांच्या तबकड्या आणि १९३४ नंतर ‘ओडियन’ने काढलेल्या तबकड्या लागोपाठ ऐकाव्यात, म्हणजे एकाच कंठाच्या दोन अवस्थांचे दर्शन घडते. पहिल्या वेळी गायकाला कर्ण्यात जोरकस स्वर टाकावा लागे आणि दोन-तीन मिनिटांत राग आटोपावा लागे, त्यामुळे तेथे तानांची चपळता अधिक. उलट विद्युत्-मुद्रणाच्या काळातील झिंझोटी व भैरवीच्या ठुमऱ्यांत, वेळ तितकाच तुटपुंजा असूनही, एकेका स्वराचे आर्त आर्जव इतके निवांत आहे की मला हीच मुद्रणे निःसंशय श्रेष्ठ वाटतात. त्यांच्या सरगमेतील रेखीवपणात दाक्षिणात्य विद्वानांच्या सहवासाचे ऋण आहे, असे मी मानतो; त्यागराजांची खरहरप्रिया रागातील कृतीही त्यांनी तबकडीवर गाऊन ठेवली आहे.